खाडीपलीकडचे दोन दिवस

लाभपंचमीला पेढ्यांचे मुहूर्त होतात, नव्या वह्यांना कुंकू लागते आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील व्यापारी घरांत प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. नाताळात मुलांना सुट्टी असते, परदेशातील नातलग लग्नसराईसाठी आलेले असतात आणि सहल कंपन्यांची रंगीत पत्रके घरोघर पोहोचलेली असतात. सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, हाँगकाँग अशी नावे त्यांवर झळकतात. सोबत स्वयंपाकाचा महाराज, कंदमूळवर्जित भोजन आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय, एवढी हमी मिळाली की नावनोंदणी होते.

मग सहा दिवसांत दोन-तीन शहरे उरकली जातात. पहाटे उठायचे, बसमध्ये बसायचे, उतरून छायाचित्र काढायचे आणि पुन्हा बस गाठायची. दुपारी बाजार, संध्याकाळी रोषणाई, रात्री सामान बांधणे. परतल्यावर विमानतळाच्या दारातच घरातील प्रत्येकजण म्हणतो, की आता दोन दिवस विश्रांती हवी. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर अशा प्रवासात छायाचित्रांची बाजू भरगच्च होते, पण ज्यासाठी खर्च केला ते विश्रांतीचे खाते कोरेच राहते.

यावर अलीकडे अनेक कुटुंबांनी एक तोड काढली आहे. नगराचा प्रवास संपला की लगेच घरी न परतता जवळच्या एखाद्या बेटावर दोन-तीन दिवस राहायचे आणि तेथे काहीही पाहायचे नाही. सिंगापूरहून इंडोनेशियाचे बिनतान बेट फेरीबोटीने सुमारे तासाभरावर आहे. हाँगकाँगच्या मध्यवर्ती धक्क्यावरून चुंगचाव या मोटारी नसलेल्या छोट्या बेटाला तासाच्या आत पोहोचता येते. क्वालालंपूरहून लंकावी विमानाने तासाभराचे अंतर आहे. बँकॉकच्या आग्नेयेस रायोंगच्या किनाऱ्यासमोर को समेत आहे. या जोडण्या सोप्या दिसल्या तरी दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. बिनतान वेगळ्या देशात आहे, म्हणून परतताना सिंगापुरात पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा. दुसरी गोष्ट पावसाची. थायलंडच्या पश्चिमेकडील फुकेतला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, तर पूर्वेकडील को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जोर असतो. दिवाळीच्या सुट्टीत एकाच देशात एक किनारा कोरडा आणि दुसरा ओला असू शकतो.

मात्र नगर आणि बेट ही जोडी जुळवण्यासाठी परदेशीच गेले पाहिजे असे नाही. मुंबई हेही आशियातील अतिशय गजबजलेले नगर आहे. न्यू जर्सीहून, लंडनहून किंवा नैरोबीहून येणाऱ्या नातलगांच्या दृष्टीने तर मुंबईची भेट हीच नगरयात्रा असते. घाटकोपरच्या एका कच्छी कुटुंबाने मागे एका डिसेंबरात या यात्रेला खाडीपलीकडचे दोन दिवस जोडले. त्या दिवसांची हकीकत इतरांच्याही उपयोगी पडेल अशी आहे.

कुटुंब धान्याच्या व्यापारातले. वडिलांनी मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात पेढी सुरू केली, पुढे ती वाशीच्या बाजार समितीत गेली. थोरले चिरंजीव, ज्यांना घरात मोटाभाई म्हणतात, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत स्थायिक झाले. धाकट्यांनी पेढी सांभाळली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बा धाकट्यांकडे राहतात. मोटाभाई दरवर्षी बारा दिवसांसाठी येत आणि ते बारा दिवस येण्यापूर्वीच भरलेले असत. दोन लग्ने, एक साखरपुडा, बँकेतील कागदपत्रे, दातांचा डॉक्टर, झवेरी बाजार, देरासर, मामांकडे जेवण, मावशींकडे जेवण. दोघे भाऊ रोज भेटत, पण मोटारीत किंवा मांडवात. बा दोघांनाही ताटावर वाढताना पाहत, एवढेच.

त्या वर्षी मुलांनी बँकॉक आणि पुढे फुकेत असा बेत मांडला होता. बांच्या गुडघ्यांना इतका विमानप्रवास झेपणारा नव्हता आणि बांना मागे ठेवून जाणे मोटाभाईंच्या मनाला पटेना. तेव्हा नातीनेच सुचवले, की समुद्र हवा आणि बेट हवे, तर मनोरी काय वाईट आहे?

खरे तर बेट शोधायला निघालेली ही मंडळी मुळात बेटावरच राहत होती. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंतचा सारा प्रदेश म्हणजे साष्टी बेट. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी. सहासष्ट गावे म्हणून साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. १५३४ साली हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. मुंबई आणि साष्टी यांना जोडणारा माहीमचा बांध १८४५ साली खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी मोठी देणगी दिली होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पूल, भराव आणि रूळ यांनी बेटाचे बेटपण हळूहळू पुसून टाकले. आज वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोने साष्टीचे एक टोक सोडून दुसरे गाठायला अर्धा तासही लागत नाही. आपण चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले आहोत हे त्या प्रवाशाच्या मनातही येत नाही.

साष्टीच्या वायव्येस, एका अरुंद खाडीपलीकडे, उत्तन, गोराई आणि मनोरी ही गावे असलेली जमिनीची पट्टी आहे. तिलाही जुन्या काळी धारावी बेट म्हणत. झोपडपट्टीसाठी प्रसिद्ध झालेल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. तेथे जायला तीन वाटा आहेत. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून मनोरीला होडी जाते. बोरिवलीच्या गोराई धक्क्यावरून पलीकडे होडी मिळते. ज्यांना पाण्यातून जायचे नाही त्यांच्यासाठी दहिसर, भाईंदर आणि उत्तनवरून रस्ता आहे, पण तो लांबचा वळसा आहे.

धाकट्यांनी बांसाठी मोटारीचा रस्ता ठरवला होता. बांनी तो नाकारला. स्वातंत्र्याच्या सुमारास, सात-आठ वर्षांच्या असताना, त्या वडिलांचे बोट धरून कच्छच्या मांडवी बंदरातून आगबोटीने मुंबईला आल्या होत्या. त्यानंतर पुन्हा कधी त्यांचे पाऊल पाण्यावर पडले नव्हते. “एकदा तरी होडीत बसू द्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

अडचण धक्क्याची होती. ओहोटीच्या वेळी होडी खाली जाते, पायऱ्या शेवाळलेल्या आणि चिखलाच्या असतात. भरतीला होडी वर येते आणि चढणे सोपे होते. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे भरतीचा सुमारे तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून तीच वेळ सकाळी आणि रात्रीही धरायची. हा अंदाजच आहे, मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण धक्क्यावर केव्हा जायचे हे ठरवायला पुरतो. व्रतांसाठी अष्टमी-चतुर्दशी लक्षात ठेवणाऱ्या श्रावकाच्या घरात भरतीचे वेळापत्रक असे भिंतीवरच टांगलेले असते. निघायचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशीचा होता. कुटुंब सकाळी दहाला मार्वेच्या धक्क्यावर पोहोचले. एका कोळी तरुणाने हात दिला, नातीने मागून आधार दिला आणि बा होडीत बसल्या.

होडीचा प्रवास दहा मिनिटांच्या आत-बाहेरचा. दुचाक्या, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, टोपल्या घेतलेल्या कोळणी असे सगळे एकाच होडीत. एका बाजूला तिवरांची दाट हिरवी भिंत, दुसऱ्या बाजूला मार्वेचा किनारा. बा काठावर हात ठेवून पाण्याकडे पाहत होत्या. उतरताना त्यांनी नातीला विचारले, “श्रीपाळ राजा याच पाण्यात पडला होता, हे माहीत आहे ना?”

नवपदाच्या ओळीत, चैत्रात आणि आश्विनात, श्रीपाळ-मयणेची कथा घरोघर वाचली जाते. विनयविजयजींनी आरंभलेला आणि यशोविजयजींनी पूर्ण केलेला श्रीपाळ रास श्वेतांबर घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला जातो. त्या कथेतील धवल शेठ हा गलबतांचा मोठा ताफा घेऊन समुद्रात फिरणारा व्यापारी. त्याच्याजवळ माल होता, माणसे होती, पण सोबत प्रवास करणाऱ्या श्रीपाळाचे वैभव पाहून त्याची झोप उडाली. अखेर त्याने कपटाने श्रीपाळाला समुद्रात लोटले. नवपदाचे स्मरण करीत श्रीपाळ कोकणच्या किनाऱ्याला लागला आणि दमून एका चाफ्याच्या झाडाखाली झोपी गेला. तेथे ठाण्याच्या राजाची माणसे त्याला शोधत आली. ठाण्यातील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला कोकण शत्रुंजय म्हणतात, त्याचे नाते याच कथेशी जोडले जाते. मुलुंडहून ठाणे एका स्थानकावर आहे, तरी ज्या खाड्यांच्या तोंडाशी ही कथा घडते त्या खाड्या पाहायला क्वचितच कोणी जाते. गलबते ज्याची होती त्याला झोप नव्हती आणि ज्याचे सर्वस्व पाण्यात गेले तो झाडाखाली शांत झोपला. बा ही गोष्ट सांगत असताना धाकट्यांच्या हातातील फोन तीनदा वाजला.

मनोरी हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी वस्तीचे गाव आहे. उतरत्या छपरांची जुनी घरे, दारात क्रूस, अंगणात तुळशीसारखीच जपलेली फुलझाडे, आणि घरात बोलली जाणारी मराठी बोली. जैन कुटुंबाने येथे काय अपेक्षावे हे आधीच स्पष्ट असलेले बरे. किनाऱ्यालगत बांबूंच्या परातींवर आणि दोऱ्यांवर मासळी वाळत असते आणि वारा फिरला की वास येतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी वाळवणाच्या जागेपासून दूर, सुरूच्या झाडीच्या बाजूचे घर घ्यावे. पण तोंडावर पदर धरून यजमानांच्या अंगणातून जाऊ नये. ते गाव त्यांचे आहे आणि ती त्यांची उपजीविका आहे. आपली अहिंसा आपल्या ताटापासून सुरू होते, दुसऱ्याच्या अपमानापासून नव्हे. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होऊन नवा हंगाम सुरू होतो. साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी स्थिर होतात, त्याच पावसाळ्याच्या दिवसांत या किनाऱ्यावरच्या होड्याही वाळूवर ओढलेल्या असतात.

कुटुंबाने स्वयंपाकघरासह एक बंगला दोन रात्रींसाठी घेतला होता. पीठ, डाळी, खाखरे, ठेपले, सुकी भाजी, गाळणे आणि पाणी उकळण्याचे भांडे घरून आणले होते. डिसेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाच वाजताच ताटे मांडली गेली. बांचे एकासणे दुपारीच झाले होते. संध्याकाळी पाक्षिक प्रतिक्रमण झाले. त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. मोटाभाई व्हरांड्यात बसले. धाकटे मात्र हातात फोन धरून वाळूवर येरझारा घालत होते, कारण घरात नीट आवाज येत नव्हता. वाशीला उद्या तांदळाच्या गाड्या उतरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बा सोडून, सारे गोराईला गेले. तेथील सोनेरी शिखराचा विपश्यना पॅगोडा बोरिवलीच्या अनेक इमारतींच्या गच्चीवरून दिसतो, पण जवळून पाहिलेला थोड्यांनीच. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवरील ही वास्तू सुमारे ३२५ फूट उंच आहे. आत दगडात दगड गुंतवून रचलेला, एकही खांब नसलेला प्रचंड घुमट आहे. विजापूरच्या गोल घुमटाच्या सुमारे दुप्पट व्यासाचा. त्याखाली सुमारे ८००० माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

ज्यांच्या प्रेरणेने हे उभे राहिले ते सत्यनारायण गोएंका व्यापाऱ्याच्याच घरातले. १९२४ साली मंडाले येथे जन्मलेले, ब्रह्मदेशातील मारवाडी समाजाचे अग्रणी. ऐन भरभराटीत त्यांना अर्धशिशीने घेरले. वेदना इतकी असह्य, की मॉर्फिनच्या सुया घ्याव्या लागत. जपान, युरोप आणि अमेरिका येथील डॉक्टरांकडे जाऊनही गुण आला नाही. अखेर १९५५ साली ते रंगूनमध्येच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे दहा दिवस बसले. ऊ बा खिन हे कोणी मठाधिपती नव्हते, तर स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. दिवसभर सरकारी हिशेब तपासणारा हा गृहस्थ आपल्या कचेरीतील माणसांनाही ध्यान शिकवीत असे. जगभर औषध शोधत फिरलेल्या व्यापाऱ्याला ते आपल्याच शहरात, हिशेबनीसापाशी, एका जागी बसण्यात सापडले. १९६९ साली गोएंका भारतात आले आणि २०१३ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. जैन कुटुंबाला ध्यान आणि कायोत्सर्ग नवे नाहीत. मार्ग वेगळा असला तरी त्या घुमटाखालची शांतता परकी वाटत नाही. धाकटे तेथे बाकावर बराच वेळ बसून राहिले. फोन बंद ठेवण्याची सूचना होती, म्हणून तो बंद होता.

परतल्यावर त्यांना कळले, की बांनी सूर्योदयालाच देशावकासिक घेतले आहे. मर्यादा होती बंगल्याचे आवार आणि सुरूच्या रांगेपर्यंतची वाळू. दुसऱ्या सूर्योदयापर्यंत त्यापलीकडे जायचे नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्परिमाणाने दिशांची मर्यादा जन्मभरासाठी आखली जाते. देशावकासिकाने ती एका दिवसापुरती किंवा काही घटकांपुरती आणखी आवळली जाते. व्यापाऱ्यांच्या धर्मात हे व्रत असावे यात मोठे शहाणपण आहे. व्यापार म्हणजे दाही दिशांना पसरणे. ज्याचा माल जेथे, त्याचे मन तेथे. म्हणून कधीतरी आपल्या हाताने एक रेघ ओढावी आणि म्हणावे, की आज माझा व्यवहार एवढ्याच जागेत.

नातीने विचारले, की आवारातच बसून फोनवर बोलले तर चालेल का? बांनी व्रताचे पाच अतिचार सांगितले. मर्यादेबाहेरची वस्तू मागवणे, बाहेर माणूस पाठवणे, आवाज देऊन बाहेरच्याला खुणावणे, आपले रूप दाखवून खुणावणे आणि खडा-वस्तू फेकून लक्ष वेधणे. मुलगी हसू लागली. म्हणजे घरपोच मागवलेले जेवण हा पहिला अतिचार, नोकराला धाडणे हा दुसरा, फोन तिसरा आणि व्हिडिओ कॉल चौथा! हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी हे नियम केले त्यांना माणसाचे मन पक्के ठाऊक होते. पाय थांबले तरी माणूस शब्दाने आणि रूपाने कुंपणाबाहेर डोकावणारच, हे त्यांनी धरूनच ठेवले होते.

मोटाभाईंनी त्याच दुपारी दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तेवढीच मर्यादा घेतली. धाकटे थोडे अडले. त्यांनी वाशीला गुमास्त्याला शेवटचा फोन केला, गाड्यांचे सांगितले आणि मग फोन नातीच्या हाती देऊन तेही बांजवळ बसले. संध्याकाळी चोविहार झाल्यावर तिघांनी सामायिक केले. अठ्ठेचाळीस मिनिटे. पौर्णिमेचा चंद्र झाडांमागून वर आला होता आणि पाणी चढत होते.

सामायिक पारल्यावरही कोणी उठले नाही. बराच वेळ गेल्यावर धाकट्यांनी सांगितले, की पेढी तीन वर्षांपासून तोट्यात आहे. मोठ्या दुकानांच्या साखळ्या थेट गिरण्यांकडून माल घेतात, जुनी गिऱ्हाइके गेली, मुलगा संगणकाच्या नोकरीत रमला आहे. वडिलांच्या नावाची पाटी उतरू नये म्हणून ते आपल्या बचतीतून पगार देत होते. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. मोटाभाई गप्प राहिले. मग म्हणाले, की दरवर्षी पेढीची चौकशी त्यांनी मुद्दाम टाळली. सोडून गेलेल्याने हिशेब विचारू नये, असे त्यांना वाटे.

दोघेही बांकडे पाहू लागले. बा म्हणाल्या, “नाव पाटीवर नसते रे. ज्याचे देणे आहे त्याचे आधी द्या. गुमास्त्यांची सोय लावा. मग पाटी उतरवा, मी स्वतः पुसून घरी ठेवीन.”

त्या रात्री काही निकाल लागला नाही. कोणाचे किती देणे आहे, तिघा गुमास्त्यांपैकी कोण कोठे लागू शकेल, गाळ्याचे काय करायचे, एवढीच उजळणी झाली. पण तीन वर्षे एकाच्या मनात असलेला हिशेब तिघांपुढे मांडला गेला. शहरातील बारा दिवसांत आणि त्याआधीच्या अनेक बारा दिवसांत हे घडले नव्हते. वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. रोज कुठेतरी जायचे होते, म्हणून कोणालाच थांबावे लागले नव्हते. रेघ ओढल्यावर जायला जागा उरली नाही आणि माणसे एकमेकांसमोर आली.

ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. बेटावरचे दिवस प्रवासाच्या अखेरीस ठेवावेत. आधी ठेवले तर पुढच्या बाजारहाटाची टोचणी तेथेही लागते. एक रात्र पुरत नाही, कारण पहिला दिवस शहर उतरण्यातच जातो. परदेशी असो वा गोराईला, परतीचे विमान असलेल्या दिवशी सकाळी होडीवर विसंबू नये, मधे एक रात्र शहरात काढावी. पावसाळ्यात होड्यांचा भरवसा धरू नये. गोराई-मनोरीचे पाणी स्वच्छ निळे नाही आणि वाळूही पांढरी नाही. तसे हवे असेल तर लंकावीला जावे. येथे पाण्यात फार आत जाणे धोक्याचे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढते आणि खडक झाकले जातात. ओल्या वाळूत चालताना बारीक खेकडे आणि शिंपले असतात, तेव्हा खाली पाहूनच चालावे. प्लास्टिकच्या पिशव्या जशा नेल्या तशाच परत आणाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेथे पाहण्याच्या स्थळांची यादी करू नये. यादी झाली की बेटाचेही नगर होते.

तिसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा होती. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची, म्हणून भरती दुपारी पाऊण वाजता. नातीने आदल्या रात्रीच हिशेब करून ठेवला होता. साडेबाराच्या होडीने कुटुंब मार्वेला परतले. या वेळी बांना दोन्ही मुलांनी दोन बाजूंनी धरले होते. धक्क्यावर पाय ठेवताच नातीने फोन धाकट्यांच्या हाती दिला. तो चालू होताच वाजू लागला. त्यांनी नाव पाहिले, खिशात ठेवला आणि आधी बांसाठी मोटारीचे दार उघडले.

पेढी पुढच्या दिवाळीला, सर्वांची देणी चुकती करून, बंद झाली. दोन गुमास्ते शेजारच्या गाळ्यावर लागले, तिसरे वयाने निवृत्त झाले. लाकडी पाटी आता घाटकोपरच्या घरात देवघराशेजारी आहे. मोटाभाईंचे बारा दिवसांचे वेळापत्रक अजूनही येते आणि अजूनही गच्च भरलेले असते. फक्त शेवटच्या तीन दिवसांपुढे काही लिहिलेले नसते. ते बांनी कोरे ठेवायला सांगितले आहेत.